फोनलाही आवक-जावक हवी

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि समोर बसलेले शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, बँकेतले मित्र. पत्रिकेत विषय छापलाय, ‘कामाचे फोन आणि मेसेज कसे सांभाळायचे’. त्यावर माझी पद्धत ठरलेली आहे, ती सांगणारच आहे. आधी ही वही बघा.

लाल कापडी पाठीची, बाजारात मिळते तशी. १९९१ साली मी डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेवर हजर झालो, तेव्हा जुन्या गुरुजींनी चार्ज देताना अशीच एक वही पुढे केली होती. आवक-जावक रजिस्टर. टपाल केंद्रशाळेतून कुणाच्या तरी पिशवीतून यायचं, कधी आठवड्याने, पावसात दोन आठवड्यांनीसुद्धा. पाकीट फोडलं की गुरुजी कागद वाचायच्या आधी त्याच्यावर नंबर टाकायचे. मग वहीत अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय. शेवटचा रकाना कोरा ठेवायचे, काय कार्यवाही केली त्याचा. तो कोरा दिसला की त्यांना चैन पडायची नाही. ‘नंबर पडला की कागद हरवत नाही,’ हे त्यांचं वाक्य मी एकतीस वर्षं वापरलं.

आता २०१९ चा जून. शाळेत रेंज नाही, टेकाडावरच्या एसटी थांब्यापाशी येते. सकाळी मी तिथे उभा राहिलो, फोन थरथरायला लागला. कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शंभराच्या आसपास मेसेज. एका सहकाऱ्याचा वाढदिवस होता. केक, फुलं, शुभेच्छा. मीही शुभेच्छा दिल्या आणि खाली शाळेत गेलो. त्या शंभरांच्या वर, आदल्या रात्री नऊ बावन्नला आलेला एक मेसेज होता: धोकादायक वर्गखोल्यांची माहिती उद्या अकरापर्यंत पाठवावी, निरंक असल्यास तसे कळवावे. त्याखाली ‘ओके सर’ची रांग लागली होती, त्यानंतर तो वाढदिवस.

आमच्या तिसरी-चौथीच्या खोलीची भिंत खिडकीपासून आढ्यापर्यंत उलली होती. बोट आत जाईल एवढी फट. ती माहिती गेली नाही, म्हणून यादीत आमची शाळा निरंक, म्हणजे धोकादायक खोली एकही नाही अशी, धरली गेली. मला कारणे दाखवा नोटीस आली, त्याचा खुलासा मी दिला, ते सोडा. पण त्या वर्षीच्या दुरुस्तीत आमची खोली नव्हती. एकवीस पोरं अख्खा पावसाळा व्हरांड्यात बसली. पश्चिमेचा झड आला की दप्तरं पोटाशी धरून भिंतीला चिकटायची. हा मेसेज कागदावर आला असता तर त्याला नंबर पडला असता.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. चौथीतली एक मुलगी धडा वाचत होती. अडखळत वाचणारी, नुकती कुठे लय सापडली होती. माझा फोन टेबलावर गुरगुरला. ती शब्दाच्या मधेच थांबली आणि म्हणाली, ‘गुरुजी, फोन घ्या तुमचा.’ ओरडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने अगदी समजूतदारपणे सांगितलं. आपल्या वाचण्यापेक्षा तो फोन मोठा, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं.

थोडं मागचं सांगतो. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रातले दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला. पुढे कित्येक वर्षं आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्यामुळे लोक विचार करून फोन लावायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, मग व्हॉट्सअ‍ॅप आलं, आणि पाठवणाऱ्याला खर्च असा उरलाच नाही. सगळा खर्च घेणाऱ्याच्या लक्षाचा. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक मांडलं. आणि २०२१ च्या जुलैत राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी मोबाईलचे शिष्टाचार काढले: आवाज हळू ठेवा, लोकप्रतिनिधी आणि वरिष्ठांचा फोन विनाविलंब घ्या. हळू बोलावं हे बरोबरच. पण वर्गावर असलेल्या माणसाने विनाविलंब फोन घ्यायचा म्हणजे त्या मुलीने थांबायचं, एवढं मला त्यात टोचतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. पद्धत भराभर सांगतो.

फोनवरचे कामाचे मेसेज म्हणजे टपाल. टपाल उघडायच्या वेळा ठरवा. माझ्या तीन होत्या: परिपाठाच्या आधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. ग्रुप म्यूट करा, आणि उघडाल तेव्हा जिथे थांबला होतात तिथून खाली वाचत या. तळाला उडी मारली की माझं झालं ते होतं.

काम सांगणारा प्रत्येक मेसेज आणि फोन वहीत उतरवा. अनुक्रमांक, वेळ, कोण, काय, कधीपर्यंत. फोनवर सांगितलेलं काम उतरवल्यावर त्याच माणसाला एका ओळीत मेसेज करा, ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक माहिती शुक्रवारी देतो’. उद्या ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ राहत नाही. ग्रुपमधला मेसेज तेवढ्यापुरता स्टार करून ठेवा.

खरंच तातडी असेल तर? त्याचीही सोय आहे. डू नॉट डिस्टर्ब लावा आणि त्यात ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्याच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर वाजतो, आयफोनवर तीन मिनिटांत. आमच्या केंद्रात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: जीवावरचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा. घरच्यांचे नंबर अपवादात टाका, म्हणजे ते पहिल्यांदाच वाजतील.

आणि इथे जे वरिष्ठ बसलेत त्यांना हात जोडून: माहिती मागवायचा ग्रुप वेगळा करा, त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. ‘ओके सर’ऐवजी अंगठ्याची खूण पुरते. मेसेजला जावक क्रमांक टाका. मुदत देताना समोरचा मेसेज कधी वाचणार याचा हिशेब धरा. रात्री दहाला मागून सकाळी अकराला मिळत नाही, ते निरंक मिळतं.

वेळ संपली. वही इथे टेबलावर ठेवतो, रकाने उतरवून घ्या. शेवटचा रकाना जरा रुंद आखा, मला पहिल्या वर्षी तो पुरला नव्हता.