गरोदरपणातील सुशी : तीन धोके आणि एक पत्रक

अध्यक्ष महोदय, आयोजक आणि उपस्थित मंडळी,

‘गरोदरपणी सुशी खावी का?’ हा विषय मी सुचवला, तेव्हा आयोजकांनी मला अत्यंत नम्रपणे विचारले की आपल्या श्रोत्यांपैकी कितीजणींवर हा प्रसंग येणार आहे. समोर पाहिल्यावर त्यांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही. परंतु गरोदर स्त्रीने काय खावे याचा निर्णय आपल्याकडे ती स्त्री वगळून उरलेले सारे घर घेत असते, आणि ते उरलेले घर आज या सभागृहात जवळजवळ संपूर्ण हजर आहे. त्यामुळे माझे म्हणणे योग्य ठिकाणीच पोहोचेल, याविषयी मी निश्चिंत आहे.

अन्नातील सूक्ष्मजीव हा विषय मी नोकरीभर शिकवला, आणि त्या काळात एका प्रश्नाने मला सतत छळले. तो प्रश्न म्हणजे ‘कच्चे की शिजवलेले?’ सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताबरोबर मासा किंवा भाजी घालून केलेला जपानी पदार्थ. तिचा विषय निघाला की सगळी चर्चा त्याच एका दाराशी येऊन अडते. कच्चा मासा असेल तर वाईट, शिजवलेला असेल तर चांगला, असे म्हणून लोक मोकळे होतात. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. माशातून गर्भवतीला पोहोचणारे मुख्य धोके तीन आहेत. ते म्हणजे जंत, जिवाणू आणि पारा. जंत गोठवण्याने मरतात, जिवाणू गोठवण्याने मरत नाहीत पण शिजवण्याने मरतात, आणि पाऱ्याला गोठवणे, शिजवणे, तळणे, लिंबू पिळणे यांपैकी कशानेही काडीचा फरक पडत नाही. तीन धोक्यांवर तीन वेगळे उपाय असताना आपण मात्र एकाच शब्दात निकाल देतो.

हे सगळे माझ्या डोक्यात पक्के बसले ते एका पत्रकामुळे, आणि त्या पत्रकाविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. माझी भाची तोक्योत राहते. दिवस गेल्यावर काही महिन्यांनी ती पुण्याला आली आणि घरच्यांच्या आग्रहाखातर तिने इथल्या एका रुग्णालयात नाव नोंदवले. रुग्णालयाचे नाव मी सांगणार नाही, कारण असे पत्रक इतरत्रही दिले जात असणार. त्या पत्रकात ‘वर्ज्य’ या मथळ्याखाली पपई, अननस, कच्चे मासे, फार तिखट, बर्फ, शिळे अन्न आणि ग्रहणकाळातील भोजन हे सर्व एकाच ओळीत, स्वल्पविरामांनी जोडून छापले होते. का वर्ज्य, किती वर्ज्य, चुकून खाल्ले तर काय करावे, याविषयी अक्षरही नव्हते. मी तेथील आहारतज्ज्ञ बाईंना भेटून विचारले की कच्चा मासा आणि ग्रहण यांना आपण एकाच पंगतीला कसे बसवले. त्या म्हणाल्या, “मॅडम, सांगून ठेवलेले बरे असते.” मी विचारले की मग मोरी माशाचे काय, मोरीविषयी पत्रक गप्प का आहे? त्यावर त्यांनी मला विचारले, “मोरी तर बाळंतिणीला चांगली असते ना?”

येथे किनारपट्टीवरील मंडळी असतील तर त्यांना हसू आले असेल. मोरी किंवा मुशी म्हणजे आपल्याकडचा लहान शार्क, आणि दूध यावे म्हणून बाळंतिणीला मुशी खाऊ घालणे ही कोकणात आणि गोव्यात जुनी रीत आहे. आता पाहा, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती आणि स्तनदा मातांनी टाळावयाच्या माशांची जी यादी केली आहे, तिच्यात शार्क, तलवार मासा, मार्लिन आणि मोठ्या डोळ्यांचा बिगआय ट्यूना हे आहेत. आपल्या बाजारात येणारी मुशी बहुधा लहान असते, म्हणून तिच्यात त्या मोठ्या शार्कइतका पारा असेलच असे मी म्हणणार नाही. परंतु जी सासू सुनेच्या ताटातली काकडीची सुशी भीतीने उचलून घेते, तीच दुसऱ्या हाताने मुशीचा रस्सा वाढते, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे. काकडीच्या सुशीत कच्चे असते ते फक्त काकडी.

भाचीजवळ दुसराही एक कागद होता. जपानमध्ये गर्भधारणेची नोंद केली की नगरपालिकेकडून माता-बाल आरोग्य पुस्तिका मिळते. 1942 साली गर्भवतींसाठी सुरू झालेली ही पद्धत 1948 पासून आई आणि मूल या दोघांसाठी आहे. शिवाय तेथील आरोग्य मंत्रालयाचे माशांतील पाऱ्याविषयी वेगळे पत्रक आहे. त्यात ‘वर्ज्य’ असा सरसकट फतवा नाही, त्यात ग्रॅम आहेत. निळ्या परांचा ब्लूफिन ट्यूना, बिगआय ट्यूना, तलवार मासा आणि किनमेदाई नावाचा लाल मासा हे आठवड्यातून एकदा, सुमारे 80 ग्रॅमपर्यंत खावेत, असे ते सांगते. सुशीच्या एका घासावर सुमारे 15 ग्रॅम मासा असतो, म्हणजे पाचेक घास झाले. साल्मन, तार्लीच्या जातीचे लहान मासे, पिवळ्या परांचा ट्यूना यांच्यावर पाऱ्याच्या कारणाने काहीही बंधन नाही. त्याच मंत्रालयाने लिस्टेरिया या जिवाणूसाठी गर्भवतींना स्मोक्ड साल्मन, न तापवलेल्या दुधाचे चीज आणि कच्चे हॅम टाळायला सांगितले आहे. थोडक्यात, ‘जपानी बायका काहीही खातात, त्यांना काही होत नाही’ हे आपल्याकडचे दुसरे लाडके वाक्यही तितकेच पोकळ आहे. त्या मोजून खातात, आणि मोजण्यामागे त्यांचा फार कडू अनुभव आहे.

तो अनुभव मिनामाताचा. क्युशू बेटावरील या लहान गावात चिस्सो कंपनीचा कारखाना होता. तेथे 1932 पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होत असे, त्यासाठी पारा वापरला जाई आणि सांडपाणी खाडीत सोडले जाई. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मरू लागली, मग माणसे आजारी पडली. 1 मे 1956 हा या रोगाच्या अधिकृत नोंदीचा दिवस मानला जातो. परंतु आपल्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट त्यानंतरची आहे. त्या गावात मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्माला येत होती, आणि त्यांच्या आया मात्र धडधाकट किंवा किरकोळ त्रास असलेल्या दिसत होत्या. वार, म्हणजे प्लासेंटा, ही विषापासून गर्भाचे रक्षण करते, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र समजत असे. मासाझुमी हारादा नावाचे तरुण डॉक्टर त्या घरोघरी गेले. आयांचे म्हणणे एकच होते, की आम्ही मासे खाल्ले, मुलाने तर एकही मासा खाल्लेला नाही. 1962 साली हा रोग गर्भातच जडतो हे मान्य करण्यात आले. मिथिल पारा, म्हणजे माशांत साठणारे पाऱ्याचे रूप, वारेतून सहज पलीकडे जातो, इतकेच नव्हे तर नाळेतल्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा अधिक भरते. आईच्या शरीरातला पारा बाळाकडे जात होता, म्हणून आया बऱ्या दिसत होत्या.

आणखी एक तपशील सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जपानी कुटुंबांत बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा लहानशा लाकडी डबीत जपून ठेवण्याची प्रथा आहे. पुढे संशोधकांनी मिनामाताच्या घरांतून त्या डब्या मागून घेतल्या आणि वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्यांच्या नाळांतला मिथिल पारा मोजला. कारखान्याचे उत्पादन जसे वाढले तसा नाळांतला पाराही वाढलेला दिसला. कारखान्याची ती प्रक्रिया 1968 साली थांबली. रुग्णालयांच्या नोंदींत जे नव्हते ते आयांनी मायेने जपलेल्या डब्यांत होते.

मिनामाताच्या खाडीतला पारा आणि खुल्या समुद्रातल्या ट्यूनामधला पारा यांच्या प्रमाणात अर्थातच फार मोठे अंतर आहे, कृपा करून कोणी घाबरून जाऊ नये. मात्र यंत्रणा तीच आहे. दगडी कोळशाच्या धुरातून आणि सोन्याच्या खाणींतून सुटलेला पारा पाण्यात येतो, जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, लहान जीव तो ग्रहण करतात, त्यांना लहान मासे खातात, त्यांना मोठे. पतपेढीतल्या चक्रवाढ व्याजासारखा तो पायरीगणिक फुगत जातो आणि जो मासा सर्वांत मोठा व सर्वांत म्हातारा, त्याच्या खात्यावर सर्वाधिक जमा होतो. हा पारा स्नायूंतील प्रथिनांना चिकटलेला असल्यामुळे तवा त्याचे काही करू शकत नाही. तलवार मासा पूर्ण शिजवून खाल्ला तरी पारा पोटात जातो आणि कच्चा साल्मन खाल्ला तरी तो नगण्यच जातो. ‘कच्चे की शिजवलेले’ या प्रश्नाचा येथे संबंधच उरत नाही.

आता जिवाणूंकडे वळू, कारण मासे न खाणाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर मघापासून जे समाधान पसरले आहे ते मला पाहवत नाही. लिस्टेरिया अन्नातून पसरतो याचा पहिला ठोस पुरावा कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे 1981 साली मिळाला. तेथे 41 जण आजारी पडले, आणि त्यांपैकी 34 प्रकरणे गर्भवती स्त्रिया व नवजात बालकांची होती. कशामुळे? कोबीच्या कोशिंबिरीमुळे. शेताला मेंढ्यांचे खत घातले होते आणि कोबी हिवाळाभर शीतगृहात ठेवला होता. लिस्टेरिया फ्रिजमधल्या थंडीतही सावकाश वाढत राहतो, ही त्याची खरी खोडी आहे. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 साली याच जिवाणूने हजाराहून अधिक लोक आजारी पाडले आणि दोनशेहून अधिक बळी घेतले, त्याचे मूळ पोलोनी नावाच्या तयार, शिजवलेल्या सॉसेजमध्ये सापडले. गर्भवतीला हा संसर्ग होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे दहापट असते. तिला स्वतःला फ्लूसारखा थोडा ताप येतो आणि गर्भपात, मृत बालकाचा जन्म किंवा नवजाताला गंभीर संसर्ग अशी किंमत बाळ मोजते. म्हणून प्रश्न केवळ कच्चेपणाचा नाही, तयार अन्न किती वेळ थंडीत पडून होते याचाही आहे. सकाळी वळून दुपारभर काचेच्या कपाटात ठेवलेली शाकाहारी सुशी मला समोर करून दिलेल्या कोळंबीच्या सुशीपेक्षा अधिक संशयास्पद वाटते.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाचच मिनिटे उरली आहेत असे तीत लिहिले आहे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला बोलावले तो अजून तसाच आहे. तेव्हा आता धावते उत्तर ऐकावे.

जंतांविषयी. ॲनिसाकिस नावाचा जंत समुद्री माशांत असतो, आणि मासा उणे 20 अंशांवर सात दिवस ठेवला की तो मरतो. प्रशांत महासागरातल्या साल्मनमध्ये हा जंत सापडत असल्यामुळे जपानी लोक पूर्वी साल्मन कच्चा खात नसत. 1980 च्या दशकात नॉर्वेने तयार खाद्यावर वाढवलेला साल्मन तेथे नेला, तेव्हापासून तो सुशीवर आला. म्हणजे जंतांचा धोका योग्य गोठवण्याने आणि योग्य पैदाशीने जवळजवळ संपतो. गर्भापर्यंत पोहोचणारा धोका तर हा नव्हेच.

मग खावी की नाही? माझे मत असे आहे. मुंबई-पुण्यात गरोदर असलेल्या स्त्रीने कच्च्या माशाची सुशी प्रसूतीपर्यंत बाजूला ठेवावी. विमानतळ ते हॉटेल या प्रवासात बर्फ कितीदा वितळला याची हमी आपल्याला कोणी देत नाही. शिजवलेली कोळंबी, भाजलेला उनागी म्हणजे वाम मासा, ऑम्लेट, भाज्या घातलेली सुशी समोर करून मिळत असेल तर ती खुशाल खावी. स्मोक्ड साल्मन मात्र नको. तो शिजवलेला वाटतो, पण थंड धुरावर तयार झालेला असतो, आणि ब्रिटननेही 2022 पासून गर्भवतींना तो नीट शिजवल्याशिवाय खाऊ नका असे सांगितले आहे. तोक्योतल्या माझ्या भाचीला मी काही शिकवायला गेले नाही. तिच्याजवळ ग्रॅमांचा तक्ता होता.

याहून महत्त्वाचे म्हणजे भीतीपोटी मासेच सोडू नयेत. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील 11,875 गर्भवतींच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास 2007 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्याला 340 ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांची शाब्दिक बुद्धिमत्ता तळाच्या गटात येण्याचे प्रमाण त्यात अधिक दिसले. अमेरिकेतही आज कमी पाऱ्याचे विविध मासे आठवड्याला सुमारे 225 ते 340 ग्रॅम खा असाच सल्ला देतात. आपला बांगडा, तार्ली, बोंबील हे लहान आणि अल्पायुषी मासे आहेत, ते नीट शिजवून जरूर खावेत.

शेवटचा मुद्दा सांगून मी थांबते, कारण फोनवर मला सर्वाधिक विचारले जाते ते हेच. दिवस गेल्याचे कळण्याआधी सुशी खाल्ली, आता काय करू? काही त्रास नसेल तर तपासण्यांची आणि औषधांची गरज नसते. मात्र लिस्टेरियाची लक्षणे काही वेळा दोन महिन्यांनीही दिसतात. त्या अवधीत ताप आला, अंग दुखू लागले, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून क्रोसिनवर भागवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, काय खाल्ले होते ते स्पष्ट सांगावे आणि रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू आहेत का ते पाहणारी तपासणी, करण्याविषयी विचारावे. लिस्टेरियावर ॲम्पिसिलिनसारखे जुने, स्वस्त आणि गर्भवतीला देता येणारे औषध चालते, आणि ते वेळेवर सुरू झाले तर बाळ वाचू शकते.