एका शब्दाचा भार

17 जून 1972 च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट संकुलात रखवालदाराला एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीत पाहतो तर त्याच जागी दुसरी पट्टी. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच जण त्यामुळे पकडले गेले आणि माग काढता काढता संशय अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या दारापर्यंत पोचला.

पण अध्यक्षांची चौकशी करायची कोणी? खटले चालवणारे न्याय खाते त्यांच्याच हाताखाली. म्हणून मे 1973 मध्ये एलियट रिचर्डसन यांच्या ॲटर्नी जनरलपदाला, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखपदाला, मान्यता देण्याआधी सिनेटने त्यांच्याकडून शब्द घेतला, की स्वतंत्र विशेष अभियोक्ता, म्हणजे खास या प्रकरणासाठीचा सरकारी वकील, नेमला जाईल आणि अत्यंत गंभीर गैरवर्तनाखेरीज त्याला काढले जाणार नाही. हार्वर्डमध्ये कायदा शिकवणारे आर्चिबाल्ड कॉक्स यांची नेमणूक झाली. नियम कागदावर होता खरा, परंतु तो तोलून धरला होता एका माणसाच्या शब्दाने.

जुलैत उघड झाले, की निक्सन आपल्या कचेरीतली संभाषणे ध्वनिमुद्रित करून ठेवतात. कॉक्स यांनी त्या फिती मागितल्या. न्यायालयाने, पुढे अपिलातही, त्या देण्याचा आदेश दिला. निक्सन मात्र फितींऐवजी केवळ गोषवारा द्यायला तयार होते. शनिवारी, 20 ऑक्टोबरला, कॉक्स यांनी पत्रकारांसमोर ही तडजोड शांतपणे नाकारली.

त्याच संध्याकाळी रिचर्डसन यांना कॉक्स यांच्या बडतर्फीचा हुकूम आला. त्यांनी सिनेटला दिलेला शब्द मोडला नाही, राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडले. अखेर खात्यातले त्यांच्यानंतरचे अधिकारी, सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क, यांनी बडतर्फीवर सही केली आणि रात्री एफबीआयच्या माणसांनी अभियोक्त्यांची कचेरी ताब्यात घेतली. ज्या कागदपत्रांवर महिनोन्‌महिने काम केले, ती कर्मचाऱ्यांना बाहेर नेता येईनात.

लोकांच्या संतापाच्या तारांचा वॉशिंग्टनमध्ये ढीग पडला. बारा दिवसांत लिऑन जवॉर्स्की यांना नेमावे लागले, आणि त्यांनीही फितीच मागितल्या. 24 जुलै 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयात हा खटला ऐकणाऱ्या आठही न्यायमूर्तींनी, ज्यांत तिघे खुद्द निक्सन यांनी नेमलेले होते, त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. 9 ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

अभियोक्त्याची नेमणूक न्यायाधीशांच्या हाती देणारा कायदा 1978 मध्ये झाला, तोही 1999 मध्ये मुदत संपून गेला. आज अमेरिकेत विशेष अभियोक्ता पुन्हा ॲटर्नी जनरलच नेमतात, खात्याच्या नियमांनुसार. आणि त्या ॲटर्नी जनरलना नेमतात अध्यक्ष.