जाहिरात निघेपर्यंत काय करू?

नमस्कार श्रोतेहो. मी एक रिटायर्ड नर्स बोलतेय, डिचोलीची. ३४ वर्षं ड्युटी केली, त्यातली शेवटची काही वर्षं वॉर्ड इन्चार्ज म्हणून. आमच्या वाड्यावर एक मुलगी आहे, नाव नाही सांगत, ती आणि तिची आई दोघीही आत्ता रेडिओ लावून बसल्या असणार, तर ती गेल्या वर्षी बीएस्सी नर्सिंग पास झाली आणि अजून घरीच आहे. परवा तिन्हीसांजेला मी तुळशीकडे दिवा लावत होते तेव्हा आली आणि विचारते, मावशी, गोमेकॉची जाहिरात कधी निघणार? म्हणजे आपल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातल्या नर्सभरतीची. मी म्हटलं बाय, जाहिरात काय मी काढते? हसली, पण उठली नाही, सोप्यावर बसून राहिली. मग मीच विचारलं, तोपर्यंत काय करणार? तर म्हणते, वाट बघणार, दुसरं काय.

हे "दुसरं काय" मला गेले दोन दिवस डोक्यातून जात नाही.

आता सरकारी नोकरी हवी असण्यात चूक काहीच नाही, उगाच उपदेश नाही करत, मी स्वतः सरकारातच रिटायर झाले. पगार वेळेवर, रजा, पेन्शन, शिवाय लग्नाच्या बाजारात भाव, हे आपल्या गोव्यात सगळ्यांना कळतं. पण किती जणी नर्सिंग करतात आणि जागा किती निघतात ते बघा. बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे, खासगी कॉलेजं आहेत, आणि बेळगाव, बंगळूरला जाऊन शिकून येणाऱ्या वेगळ्या. सगळ्यांच्या नजरा मात्र त्याच चार ठिकाणी, बांबोळीचं गोमेकॉ, म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, मडगावचं, आणि फोंड्याचं.

तर वाट बघा, पण कागद तयार ठेवून बघा. नुसतं मार्कशीट हातात आलं म्हणजे नर्स झालात असं नाही, गोवा नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं, आरएन आरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ, त्याच्याशिवाय कुठलंही चांगलं हॉस्पिटल दारात उभं करणार नाही आणि करत असेल तर तिथं तुम्हीच उभ्या राहू नका. बेळगावला शिकलात तर तिथल्या राज्याच्या कौन्सिलकडून कागद आणून इथं नोंदणी करायला वेळ जातो, तो धरून चला, जाहिरात निघाल्यावर धावपळ नको. मामलेदाराकडचा १५ वर्षांचा रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, हेही आधीच. कार्डाची मुदत संपून गेलेली असते आणि आपल्याला फॉर्म भरायच्या दिवशी कळतं, असं झालेल्या मुली मी बघितल्यात, रडकुंडीला येतात. कर्मचारी निवड आयोग, गोमेकॉ, आरोग्य संचालनालय, या सगळ्यांच्या वेबसाइटवर आठवड्यातून एकदा तरी नजर टाका, मैत्रिणीच्या व्हॉट्सअपवर विसंबून राहू नका, ती पण फॉर्म भरतेय ना.

आणि कोकणी. जाहिरातीत लिहिलेलं असतं, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम. आपल्याकडे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याच्या मुलींना वाटतं आपल्याला काय, घरी बोलतोच की. पण साष्टीतली कोकणी वेगळी बाय. मी नवीन असताना मडगावकडची एक म्हातारी माय माझा हात धरून सांगत होती, म्हाका घुंवळ येता, घुंवळ येता, आणि तिच्या पुढच्या वाक्यात निम्मे शब्द पोर्तुगीज, मी आपली मान डोलावतेय. शेवटी बाजूच्या बेडवरच्या बाईनं समजावलं की तिला उभी राहिली की चक्कर येते, आणि गोळी बदलल्यापासून येते. ती गोळी बदलल्याची गोष्टच तर महत्त्वाची होती, आणि ती मला शेजारच्या पेशंटकडून कळली. त्या दिवसापासून मी ख्रिश्चन आज्यांशी जरा जास्तच गप्पा मारायला लागले.

बरं, आता मुख्य मुद्दा. घरी बसून वाट बघितली की हात विसरतात. पुस्तकातलं वर्षभर डोक्यात राहतं हो, पण हात विसरतात. रिटायर झाल्यावर एका खासगी हॉस्पिटलात नव्या मुलींच्या मुलाखतीला मला बसवायचे. मी एकच प्रश्न विचारायची, सलाइनची ५०० एमएलची बाटली ८ तासांत संपवायची आहे, मिनिटाला किती थेंब सोडशील? एक मुलगी, डिस्टिंक्शनवाली, छान फाइल, वर्षभर घरी, ती मोबाइल शोधायला लागली. मी म्हटलं रात्री दोन वाजता मोबाइलची बॅटरी गेली तर? गप्प. तिच्या मागून वाळपईकडची एक आली, मार्क बेताचे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, एका छोट्या नर्सिंग होममध्ये आठ महिने काढलेली, तिनं उत्तर दिलंच नाही, उलट मलाच विचारलं, मॅडम सेट कितीचा, १५ थेंबांचा की २०चा? मी बाजूच्या मॅट्रनकडे बघितलं. कारण तोच तर खरा प्रश्न, सेट म्हणजे सलाइनची नळी, तिच्या पाकिटावर लिहिलेलं असतं एका एमएलला किती थेंब ते. २०चा सेट असेल तर १०,००० थेंब भागिले ४८० मिनिटं, म्हणजे २१ च्या आसपास. १५चा असेल तर १६. तिनं ते बोटांवर केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, म्हणजे तीन सेकंदाला एक धरायचा. घेतली तिला.

आठ महिन्यांत ते येतं. घरी बसून नाही येत.

पण थांबा, लगेच कुठंही जाऊन चिकटा असं मी म्हणत नाहीये, कारण "तुला शिकायला मिळतंय ना" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. शिकायला मिळतंय म्हणून पगार अर्धा, शिकायला मिळतंय म्हणून सलग दोन शिफ्ट, शिकायला मिळतंय म्हणून ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात. हे असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची, आणि ओरिजिनल पिशवीत घालून घरी आणायची. बॉण्डवर सही मागितली तर घरी नेऊन वाचते म्हणा, आणि खरंच वाचा.

पगाराचं एक सांगते, हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं. खासगी हॉस्पिटलातल्या नर्सांच्या पगाराची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, २०१६ मध्ये कोर्टानं केंद्राला समिती नेमायला सांगितली. त्या समितीनं काय म्हटलं, तर २०० पेक्षा जास्त बेड असतील तिथं नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सएवढा असावा, १०० ते २०० बेडच्या ठिकाणी फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा छोटं असेल तरी २०,००० च्या खाली नको. आता ही शिफारस आहे, दुसऱ्या दिवशी पगार वाढला असं काही झालं नाही, आणि जाऊन मॅनेजरच्या टेबलावर हात आपटलात तर तो तुम्हाला बाहेरचा रस्ता दाखवेल. पण बोलणी करताना आपली किंमत किती धरलीय हे माहीत असलं की आवाज बदलतो माणसाचा, एवढं नक्की.

मग पहिली जागा निवडायची कशी? मी त्या मुलीला सांगितलं, पगार विचार, पण त्याच्या आधी विचार, रात्री माझ्यासोबत सिनियर कोण असणार? नवीन मुलीला पहिल्या महिन्यात एकटीला नाइट देणारी जागा नको. दुसरं विचार, एका नर्सकडे पेशंट किती. तिसरं, हिपॅटायटिस बीची लस ते देतात का. तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. हे तिसरं मी उगाच सांगत नाही. नवीन असताना एका छोट्या ठिकाणी काम करत होते, सुईला परत टोपण लावताना अंगठ्यात गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, दाबून रक्त काढ आणि जा कामाला. आज कुणी असं सांगितलं तर ऐकू नका, दाबायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, लगेच डॉक्टरला सांगायचं, एचआयव्हीची औषधं लागलीच तर जितक्या लवकर तितकी बरी, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम आणि ७२ तासांच्या पुढे जाता कामा नये. आणि टोपण परत लावायचंच नाही मुळी. मला काही झालं नाही, पण पुढचे सहा महिने मी प्रत्येक तापाला घाबरले आणि घरात कुणाला बोलले पण नाही.

अनुभवाचं सर्टिफिकेट घेताना हॉस्पिटल किती बेडचं ते त्यात लिहून घ्या. कारण आहे. एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा असते ना, नॉरसेट, तिला जीएनएमवाल्यांना निदान ५० बेडच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीवाल्यांना तो लागत नाही. आणि मुलगे ऐकत असतील तर, तिथं २० टक्के जागा पुरुषांना आहेत. आपल्याकडे अजून नर्सिंगला गेलेल्या मुलाला वाड्यावर चिडवतात, चिडवू देत, ऑर्थोच्या वॉर्डात नव्वद किलोच्या पेशंटला कूस बदलायची असते तेव्हा आम्ही सगळ्या त्यालाच हाका मारायचो.

परदेशाचं थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय होईल. गोव्यात घरटी एक माणूस बाहेर, त्यामुळे हे डोक्यात असणारच. इंग्लंडला जायचं तर त्यांच्या कौन्सिलची कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिथं गेल्यावर हातानं करून दाखवायची ओएससीई, आणि इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी. अमेरिकेला एनक्लेक्स. जर्मनीला जर्मन शिकल्याशिवाय काही नाही. एजंटकडे जाण्याआधी तो सरकारच्या ई-मायग्रेटच्या साइटवर नोंदलेला आहे का बघा, आपल्या कायद्यानं एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. कुणी लाखात बोलायला लागला तर चहा प्या आणि उठा. आणि हे सगळे विचारतात काय? अनुभव. घरी बसलेल्या वर्षाला तिकडे कोण विचारत नाही.

तर ती आमची मुलगी. काल संध्याकाळी परत आली. म्हापशाकडच्या एका हॉस्पिटलात सोमवारपासून ये म्हणालेत, पगार तिला हवा तेवढा नाही, पण पहिले दोन महिने नाइटला सिनियर सोबत, हे तिनं स्वतः विचारून घेतलंय. मला म्हणते, मावशी, पहिल्या दिवशी काय काय नेऊ? मी सांगितलं, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पण मनगटावर नको, युनिफॉर्मला पिनेनं लावायचं. खिशात मावेल अशी छोटी वही. रबरी तळव्याचे बूट, आवाज न करणारे. पेन दोन, एक डॉक्टर उचलून नेणारच. आणि डबा थोडा जास्त भर, नाइटला आयाबाई असते तिला विचारायचं जेवलीस काय म्हणून, वॉर्डात कुठलं कपाट कुठल्या चावीनं उघडतं ते तिलाच माहीत असतं. आई तिची मागे उभी होती, ती म्हणाली, आणि कदंबाची शेवटची बस कितीला ते पण विचारून घे गे.