पाणी निवळेपर्यंत

(दृश्य: लडाखमधलं मोरे मैदान. कॅमेरा जमिनीलगत. रस्त्याच्या टोकाला एक ठिपका हलतोय.)

तो ठिपका म्हणजे सायकलवरचा मी. तुमच्यापर्यंत पोचायला मला चार मिनिटं लागली होती, संकलनात त्याचे वीस सेकंद केलेत. बरोबर कुणी नव्हतं. त्यामुळे असा प्रत्येक शॉट म्हणजे तोच रस्ता तीनदा कापायचा. इथवर यायचं, कॅमेरा दगडावर टेकवायचा, उलटं जायचं, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा यायचं. तेही 4,700 मीटरवर, जिथे हवेचा दाब आपल्या किनारपट्टीच्या निम्म्याहून जेमतेम थोडा जास्त असतो.

(दृश्य: उभी सायकल, पिशव्या जवळून.)

चार पिशव्या. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, जाडे पोहे, मेतकूट, सातूचं पीठ, स्पोकचा जुडगा. आणि पाणी, साडेआठ लिटर. म्हणजे साडेआठ किलो. तंबू, कपडे आणि भांडी एकत्र तोलली तरी एवढी भरत नाहीत.

मनाली-लेह सायकलने करणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. पुण्या-नाशकाचे ग्रुप येतात, मागे सामानाची गाडी असते, मुक्कामावर गरम खिचडी मिळते. मजा येते, मीही एकदा तसा आलो होतो. लेहला उतरल्यावर मात्र गाडीच्या डिकीत रिकाम्या बाटल्यांची दोन पोती निघाली. बारा माणसं, दहा दिवस. त्यानंतर ठरवलं की पुढच्या वेळी एकट्याने यायचं आणि सीलबंद पाणी विकत घ्यायचं नाही. जे डोंगरातून येईल तेच प्यायचं.

(दृश्य: नकाशा. मनाली, बारालाचा, सरचू, पांग, त्सो कार, पुगा, माहे.)

हिमालयाची मुख्य रांग मान्सूनला दक्षिणेलाच अडवते. पलीकडे लेहला वर्षभरात साधारण 100 मिलिमीटर पाऊस. आमच्या आंबोलीत एवढा एका दिवसात पडतो आणि कुणी छत्रीही उघडत नाही. हे वाळवंटच आहे, फक्त थंड आणि उभं. इथलं पाणी वरून पडत नाही, वितळून येतं. म्हणून त्याला घड्याळ असतं. पहाटे ओढा घोट्याएवढा, दुपारी उन्हं तापली की तोच मांडीपर्यंत. ओलांडायचे ते सकाळी आठच्या आत. आणि पाणीही सकाळीच भरायचं, कारण दुपारच्या पाण्यात अख्खा डोंगर मिसळलेला असतो.

(दृश्य: सूरजताल. मग बारालाचा, वाऱ्यात फडफडणाऱ्या पताका.)

ला म्हणजे खिंड. बारालाचा जवळपास 4,900 मीटरवर आहे. या भागातून दोन नद्या निघतात, चंद्रा आणि भागा. सूरजतालातून निघते ती भागा. खाली तांदीला दोघी भेटतात आणि चंद्रभागा होते, पुढे तिलाच चिनाब म्हणतात. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे नाव इथे ऐकून जरा थांबायला होतंच. मी थांबलो. बाटली भरली.

(निवेदन नाही. बाटलीत पाणी शिरण्याचा आवाज.)

आता हे जरा नीट बघा.

(दृश्य: तंबूच्या दारात पातेलं. आतलं पाणी सिमेंट कालवल्यासारखं करडं.)

हे सरचूच्या नदीचं पाणी. हिमनदी खडक दळते, त्याचं हे पीठ. इतकं बारीक की रुमालातून गाळलं तरी येतं. थेट फिल्टरला लावलं तर दोन बाटल्यांत फिल्टर बसलाच म्हणून समजा. दुकानातल्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं आजीने, तीस वर्षांपूर्वी, आणि तेही वेगळ्याच संदर्भात. पावसाळ्यात विहिरीला गढूळ पाणी आलं की ती हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची. सात वेढे, म्हणायची, आठवा घातलास तर चहा तुरट होईल.

(दृश्य: बोटांत सुपारीएवढा खडा. पाण्यात फिरतोय.)

सात वेढे. मग हात लावायचा नाही. मातीचे कण इतके हलके असतात की आपले आपण बसत नाहीत, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटी त्यांचं हे भांडण मिटवते. कण चिकटतात, गुठळ्या होतात, जड होऊन तळाशी जातात. गावाकडे अर्ध्या तासात पाणी निवळतं. इथे पाणी बर्फासारखं, त्यामुळे दोन तास धरायचे. मी तर रात्रभरच ठेवतो.

(दृश्य: तेच पातेलं, सकाळ. तळाशी करड्या सायीसारखा थर, वर आरशासारखं पाणी.)

वरचं हलक्या हाताने ओतून घ्यायचं. मग फिल्टर. आत केसासारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा असतो, त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि जंतू अडकतात. भारी वस्तू आहे, पण तिला थंडी सोसत नाही. आत राहिलेलं पाणी गोठलं की नळ्या तडकतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी येत राहतं, फक्त ते गाळलेलं नसतं. म्हणून रात्री फिल्टर झोळीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी. मी एका रात्री विसरलो. पुढचे दोन दिवस पांगच्या एका ढाब्यात आडवा होतो. त्याचं चित्रीकरण नाही. तिथून पुढे प्रत्येक घोट उकळून.

(दृश्य: गाटा लूप्स, वरून. एकवीस वळणं.)

पांगच्या अलीकडे या गाटाच्या वळणांवर यावं लागतं. एकवीस वळणं. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट मी दोनशे वेळा तरी चढलो असेन, त्या जोरावर इथे आलो होतो. सहाव्या वळणावर तो जोर संपला. सर्वांत हलका गिअर, ताशी चार किलोमीटर. पायी चालणाऱ्याने मला मागे टाकलं असतं, पण पायी चालणारं कुणी नव्हतंच.

(दृश्य: वरच्या एका वळणावर दगडांचं छोटं देऊळ. भोवती बाटल्याच बाटल्या.)

इथे सगळ्या गाड्या थांबतात. गोष्ट अशी सांगतात की पूर्वी कधी तरी, रस्ता बंद व्हायच्या दिवसांत, एक ट्रक इथे बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला गेला. क्लीनर ट्रकपाशी राहिला. बर्फ पडलं, मदत वेळेत आली नाही, आणि पोरगं थंडीने आणि तहानेने गेलं. नंतर वाटेवर कुणी तरी पाणी मागतं, असं ड्रायव्हर लोक बोलू लागले. म्हणून येणारा-जाणारा पाण्याची बाटली ठेवतो. कुणी सिगारेटही.

(दृश्य: कॅमेरा बाटल्यांवरून सरकतो. काही भरलेल्या, काही उन्हाने पिवळ्या पडलेल्या, काही चेपलेल्या. उतारावर खालपर्यंत.)

(निवेदन नाही.)

माझ्याकडे तेव्हा अर्धा लिटर होतं. समोर शेकडो भरलेल्या बाटल्या, सील न फोडलेल्या. घेतली नाही. बाटली ठेवलीही नाही. माझ्यातलं झाकणभर दगडावर ओतलं. ते खाली पोचायच्या आतच सुकलं.

पुढे नकी ला, मग व्हिस्की नाला. मागे ब्रँडी नालाही लागून गेला होता. दोन्हींत पाणीच वाहतं, आणि मला त्याहून चांगलं काही नको होतं. लाचुंग ला पाच हजारांच्या वर, तिथे एवढाच फोटो.

(दृश्य: मोरे मैदान. आता वेगळ्या कोनातून. धुळीचा भोवरा.)

मोरे मैदान चाळीसेक किलोमीटर, सरळसोट. रस्त्यालगत पाणी नाही, साडेआठ लिटर इथल्यासाठीच. सायकलवाले लोक अंतर किलोमीटरमध्ये सांगतात. इथे ते लिटरमध्ये मोजायची सवय लागते. पुढचा ओढा दीड लिटरवर. दुपारी एक वाजला की वारा सुरू होतो आणि तो हिशेबही मोडतो.

(दृश्य: त्सो कार. पांढरा किनारा, दूरवर कियांग, म्हणजे रानगाढवांचा कळप.)

डेब्रिंगला हमरस्ता सोडला. दोन तासांनी हे दिसलं. पाणी! मैलभर निळं पाणी. सायकल टाकून धावत गेलो, ते शूट झालंय, पण दाखवत नाही. जिभेला लावलं आणि थुंकलो. किनाऱ्यावरचा पांढरा थर बर्फाचा नव्हता, मिठाचा होता. एकेकाळी चांगपा लोक, म्हणजे इथले भटके पशुपालक, हेच मीठ खरवडून विकत. 2020 साली या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही ओळख, मिळाला, तो काळ्या मानेच्या क्रौंचासारख्या पक्ष्यांसाठी. माझ्यासारख्यासाठी नव्हे.

(दृश्य: याकच्या केसांचा काळा तंबू, रेबो. एक वयस्क बाई, पाठीवर कॅन.)

“जुले, आमा-ले,” म्हटलं. इथे मोठ्या बाईला आमा म्हणतात आणि आदराचा ‘ले’ जोडतात. रिकामी बाटली दाखवली. त्या हसल्या. “ये नमक. पानी उधर.” आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

(दृश्य: गवतातला झरा. जेमतेम परातीएवढा. कॅन आडवा करून लाकडी डावाने पाणी भरणं चाललंय.)

हे बघत राहावंसं वाटतं, म्हणून पूर्ण ठेवलंय. तळ ढवळला जाऊ नये म्हणून डाव तिरका, वरच्या वर. एक थेंब बाहेर नाही. वीस लिटर व्हायला सव्वा तास लागला, मध्ये दोनदा थांबून त्यांनी झऱ्याला भरू दिलं. माझी तुरटी खिशातच राहिली. हे पाणी आधीच निवळलेलं होतं.

शेजारच्या खरनाक भागातली बरीच चांगपा कुटुंबं जनावरं विकून लेहजवळ राहायला गेली आहेत.

(दृश्य: खाऱ्या चहाचा वाडगा. हात. बकऱ्या.)

(निवेदन नाही.)

(दृश्य: पोलोकोंका ला पार. पुगा खोरं. जमिनीतून वाफ.)

पुगाला जमीनच उकळते. साधारण 4,400 मीटर उंची, झऱ्याचं पाणी 84 अंशांपर्यंत. एवढ्या उंचीवर पाणी उकळतंच तेवढ्यावर. गेले दहा दिवस माझ्या पोह्यांना जी धग मिळत होती, तीच इथे फुकट, स्टोव्हशिवाय. पण गंधक आणि टाकणखार भरलेला, म्हणजे प्यायला हेही नाही. कपडे मात्र धुतले.

(दृश्य: माहेचा पूल. सिंधू. पात्र रुंद, पाणी करडं.)

पुलाच्या खाली उतरलो. पातेलं भरून घेतलं आणि खिशातून खडा काढला. सुपारीचा आता वाटाणा झाला होता.

(दृश्य: खडा पाण्यात फिरतोय. कॅमेरा हलत नाही. सात वेढे पूर्ण होईपर्यंत शॉट कापू नये.)