गुळाचं मसाला दूध फुटतं का? पाहुण्यांसाठी हिवाळ्यातली गरम पेयं, कोल्हापुरी पद्धतीनं

नमस्कार मंडळी! थंडी पडलीय, गुऱ्हाळं जोरात सुरू आहेत आणि नाताळच्या सुट्टीला पुण्या-मुंबईचे पाहुणे यायला लागलेत. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि रात्री जेवायला आपल्याकडं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला जेवणानंतर इथलंच काहीतरी गरम द्यावं असं वाटतं. मग आपण मसाला दूध करायला घेतो, साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घालतो आणि तिथून मला कमेंट यायला लागतात. ‘ताई, दूध फुटलं.’ ‘ताई, पाहुणे हॉलमध्ये बसलेत आणि पातेल्यात पनीर झालंय.’

म्हणून आजचा व्हिडिओ मुख्यतः गुळाच्या दुधावर. बाकीची पेयं शेवटी भराभर सांगते.

साहित्य लिहून घ्या. 1 लिटर म्हशीचं दूध, 100 ते 120 ग्रॅम किसलेला गूळ, बदाम-पिस्त्याची जाडसर पूड, वेलची, असलं तर केशर. दूध तापवायचं, थोडं आटवायचं, साय मोडत राहायचं, हे तुम्हाला माहीतच आहे. जायफळ किसणीवर दोनदा घासलं की बास, जास्त झालं की कडवटपणा येतो.

आता गूळ. इथं नीट लक्ष द्या. (पातेलं कॅमेऱ्यासमोर) गॅस बंद. दूध खाली उतरवलंय. अजून वाफा जोरात येताहेत, म्हणजे अजून गूळ घालायचा नाही. चार-पाच मिनिटं थांबायचं, मधे ढवळायचं. पिण्याइतपत गरम झालं, पेला हातात धरवेल असं वाटलं की मग गूळ. तोही खडा टाकून नाही. किसलेला, थोडा थोडा, ढवळत. आणि गूळ घातल्यावर पातेलं परत गॅसवर ठेवायचं नाही. ‘जरा कोमट झालंय, एक उकळी आणते’ म्हणालात की ते फुटलंच म्हणून समजा.

का फुटतं ते सांगते, म्हणजे लक्षात राहील. उसाचा रस मुळातच थोडा आंबट बाजूचा असतो, त्यामुळं गूळही तसाच. शिवाय त्यात क्षार असतात. थंड किंवा कोमट दुधाला एवढा आंबटपणा सोसतो. उकळत्या दुधाला सोसत नाही. आधी पातेल्याच्या कडेला रव्यासारखे बारीक कण दिसतात, मग मधे निळसर पाणी सुटतं. एकदा पाणी सुटलं की मिक्सर लावा, गाळा, काही करा, दूध परत एकजीव होत नाही. अशा वेळी ते आटवून कलाकंदासारखं काहीतरी करा आणि पाहुण्यांना दुसरं दूध द्या.

इथं एका कमेंटवर बोलायलाच पाहिजे, कारण ती प्रत्येक व्हिडिओखाली येते. ‘तुमचा गूळ केमिकलचा असेल, सेंद्रिय गुळानं फुटत नाही.’ नाही हो! सेंद्रिय गुळानंही फुटतं. रसच आंबट बाजूचा म्हटल्यावर रंगाचा काय संबंध? पिवळाधमक दिसावा म्हणून गुळात हायड्रॉस पावडर हे रसायन घालतात, ते मला अजिबात पटत नाही. मी गडद तपकिरी गूळच घेते आणि तुम्हीही घ्या. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला, ज्याचा वास घेतला की गुऱ्हाळातली रस उकळायची काहिल आठवते असा. पण तो चवीसाठी घ्या. फुटण्याचं कारण गूळ घालायची वेळ हेच आहे. हां, एक मात्र खरं. पाणी सुटलेला, आंबूस वास येणारा जुना गूळ असला तर दूध लवकर फुटतं. आणि सकाळपासून बाहेर राहिलेलं दूध असलं तर आणखी लवकर. दोन्ही ताजं घ्या.

दुसरी कमेंट, चिमूटभर सोड्याची. सोड्यानं आंबटपणा मारला जातो, त्यामुळं फुटायचं टळतं हे खरं आहे. पण दुधाला साबणासारखी चव येते. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. असा गूळ घरात असताना त्याच्या चवीवर सोडा कशाला घालायचा? पाच मिनिटं थांबा, बास.

आता चहा. गुळाच्या चहाचंही तेच. पाण्यात चहा पावडर, आलं, गूळ सगळं उकळून घ्या, गाळा. दूध वेगळ्या भांड्यात तापवा. दोन्ही गॅसवरून उतरवा आणि कपात एकत्र करा. गूळ-दूध एकत्र झाल्यावर उकळी नाही. दुधाचं जे सांगितलं तेच, फक्त भांडी दोन.

आल्याबद्दल अजून एक. कच्चं आलं किसून थेट कोमट दुधात घालू नका. कच्च्या आल्यातच दूध घट्ट करणारा एक घटक असतो. म्हणजे गूळ नसतानाही फुटेल आणि तुम्ही दोष गुळाला द्याल. आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं की तो घटक निकामी होतो. मसाला दुधात घालायचीच असेल तर चिमूटभर सुंठ घाला.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, कारण पाहुणे कधी एकदम येत नाहीत. आमच्या घरी सुट्टीत दोघं नऊला येतात, चौघं जोतिबाहून उतरून साडेदहाला, आणि धाकटी वहिनी मुलं झोपल्यावर अकराला म्हणते, ‘मला पण अर्धा पेला द्या की.’ प्रत्येक वेळी गरम करायचं म्हटलं तर गुळाचं दूध फुटणारच. म्हणून गुळवणी करून ठेवा. पुरणपोळीबरोबर करतो तीच, जरा घट्ट. एक वाटी गूळ, अर्धी वाटी पाणी, उकळून बारीक गाळणीतून गाळायची. गाळणीवर चिपाडाचे तंतू आणि बारीक माती राहिलेली दिसेल, ती एरवी पेल्यात गेली असती. ही गुळवणी बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस आरामात राहते. मसाल्याचं बिनगुळाचं दूध पातेल्यात. ते हवं तितक्या वेळा गरम करा. पेल्यात दोन चमचे गुळवणी, वरून गरम दूध, ढवळा, द्या. दूध उकळतं मात्र ओतू नका. ज्याला गोड कमी हवं त्याला एक चमचा.

गोडावरून आठवलं. ‘शुगर असलेल्यांना गूळ चालतो ना?’ हे विचारणाऱ्या सगळ्यांना अगदी कळकळीनं सांगते, गुळातही बहुतेक साखरच असते आणि रक्तातली साखर गुळानंही वाढते. ‘गुळाचं आहे, घ्या हो’ असा आग्रह घरातल्या मोठ्या माणसांना करू नका. त्यांचं बिनगुळाचं मसाला दूध आधीच काढून ठेवा. केशर-वेलचीनं ते सुरेख लागतं.

दूध न पिणाऱ्यांसाठी काकवी, म्हणजे पातळ गूळ. पेलाभर गरम पाणी, दोन चमचे काकवी, चिमूटभर सुंठ, लिंबू पिळा. दूधच नाही, त्यामुळं फुटायची भीती नाही. गुऱ्हाळावर गेलात तर ताजी काकवी बाटली भरून आणा.

आणि हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं. हे पिठाचं गरम पेय. लहान मुलांना आधी नाव ऐकून नको वाटतं, मग दुसरा पेला मागतात. हुलगे खमंग भाजून दळून आणायचे. तीन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवा, उकळत्या पाण्यात सोडा, ढवळत शिजवा. गूळ, सुंठ, किंचित मीठ. शेवटी नारळाचं दूध घालून गॅस बंद. नारळाचं दूधही खळखळून उकळलं की फाटतं, त्यामुळं तिथंही घाई नको. पन्हाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्या पाहुण्यांना हे थर्मासमध्ये भरून द्या. थंड झालं की घट्ट होतं, गरम पाणी घालून सारखं करायचं.

ज्यांच्याकडं चूल पेटवायलाही वेळ नाही त्यांनी पाहुण्यांना संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन जावं. समोर म्हैस, समोर धार, फेसाळ पेला. कच्चं दूध सोसत नसेल त्यांनी घरी आणून उकळावं, आणि त्याचं मसाला दूध करणार असाल तर गूळ कधी घालायचा ते आता तुम्हाला माहीत आहे.

कमेंटमध्ये तुमच्याकडं माडगं कसं करतात ते लिहा, सोलापूर-साताऱ्याकडच्यांनी तर नक्कीच. पुढचा व्हिडिओ संक्रांतीच्या तिळगुळाचा, त्यात पाक कडक होण्याचा प्रश्न घेते. येतो आम्ही!