अर्जाच्या आधी एक संध्याकाळ गणिताला द्या

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय डेटा सायन्सच्या ऑनलाइन मास्टर्सला अर्ज करण्याबद्दल. मी स्वतः नोकरी सांभाळून, रात्री घरचे झोपल्यावर बसून हा अर्ज भरलाय, त्यामुळे कुठे अडायला होतं ते मला चांगलं माहितीये, आणि तेच मनापासून सांगायचंय.

बहुतेक जण सुरुवात करतात ती पोर्टलवर अकाउंट उघडून. नाव, पत्ता, शिक्षण भरत जातात आणि मग निबंधापाशी येऊन थांबतात. माझं म्हणणं असंय की पोर्टल नंतर उघडा, आधी त्या कोर्सचा सिलॅबस आणि आधी काय यायला हवं ते पान उघडा. तिथे बहुतेक ठिकाणी सारखंच लिहिलेलं असतं, लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, प्रॉबॅबिलिटी आणि थोडं पायथन, म्हणजे प्रोग्रॅमिंगची एक भाषा. हे वाचून आपण म्हणतो, हो, कॉलेजात झालंय की. झालंय खरं, पण आत्ता येतंय का?

एक गणित सांगते, कागद घेऊन बसा. समजा १००० माणसं आहेत आणि त्यातल्या १० जणांना एक आजार आहे. टेस्ट आजारी असलेल्या १० मधल्या ९ जणांना बरोबर पकडते, पण निरोगी लोकांपैकीही ५ टक्के लोकांना चुकून आजारी ठरवते. आता एखाद्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर तो खरंच आजारी असायची शक्यता किती? बरेच जण पटकन ९० टक्के म्हणतात. पण मोजून बघा, निरोगी ९९० जण, त्यांचे ५ टक्के म्हणजे साधारण ५०, आणि खरे आजारी पकडले गेले ते ९, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या जवळपास ५९ लोकांत आजारी फक्त ९, शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास. यालाच बेजचा नियम म्हणतात. हे वाचताना मजा आली, आकडे बदलून परत करून बघावंसं वाटलं, तर हा कोर्स तुमचा आहे. कंटाळा आला तर तेही अर्जाच्या आधीच कळलेलं बरं, कारण पुढची दोन-तीन वर्षं रात्री याच्याशीच गाठ आहे.

ऑनलाइन म्हणजे सोपं असा एक समज आहे, तो डोक्यातून काढून टाका. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सचं ऑनलाइन मास्टर्स सुरू केलं आणि २०१७ मध्ये ॲनालिटिक्सचं, म्हणजे डेटाच्या विश्लेषणाचं. हे दुसरं ३६ क्रेडिटचं आहे (क्रेडिट म्हणजे अभ्यास किती ते मोजायचं माप) आणि त्यातले ६ क्रेडिट शेवटच्या प्रत्यक्ष प्रोजेक्टचे. ही काही व्हिडिओ बघून मिळणारी डिग्री नाही, असाइनमेंट असतात, परीक्षा असतात, आणि बऱ्याच कोर्सेसमध्ये परीक्षेच्या वेळी तुमचा कॅमेरा चालू ठेवावा लागतो. क्लास ठरलेल्या वेळी लाइव्ह आहे की रेकॉर्ड केलेला, हे आधी नक्की बघा. लाइव्ह असेल तर घड्याळाचा हिशोब करा, तिकडची संध्याकाळ म्हणजे तुमची पहाट असू शकते आणि सकाळी ऑफिस तर आहेच.

आणि एक वेगळी वाट पण आहे, जी फार लोकांना माहीतच नसते. अमेरिकेतल्याच कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसच्या डेटा सायन्स मास्टर्सला नेहमीसारखा अर्जच नाही, जुन्या मार्कशीट नाहीत, शिफारसपत्रं नाहीत. सुरुवातीचे ठरलेले कोर्सेस क्रेडिटसाठी घ्यायचे, त्यात हवी तेवढी ग्रेड मिळवायची आणि मग प्रवेश. मला हे फार न्यायाचं वाटतं. पंधरा वर्षांपूर्वी कुणाचे मार्क घरच्या अडचणींमुळे कमी पडले असतील, त्याला आज काय येतंय ते दाखवायची संधी मिळते, यापेक्षा आणखी काय हवं.

बाकी कागदपत्रांचं पटकन सांगते. जीआरई ही मास्टर्सच्या प्रवेशासाठीची परीक्षा आता बऱ्याच ऑनलाइन कोर्सेसना लागत नाही, लागलीच तर २०२३ च्या सप्टेंबरपासून ती छोटी झालीय, दोन तासांच्या आत संपते आणि स्कोअर ५ वर्षं चालतो. टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा मात्र २ वर्षंच. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या मार्कांचा अधिकृत उतारा, आधी मागवून ठेवा, युनिव्हर्सिटीकडून ती यायला वेळ लागतो. पासपोर्टवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का बघा, लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी तर पहिलं काम हेच करा.

शिफारसपत्रांच्या बाबतीत मला जे झालं ते तुम्हाला होऊ नये. माझ्या एका जुन्या सरांना पोर्टलवरून लिंक गेली आणि ती त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडली, मी समजत होते त्यांनी लिहिलं असेल, ते समजत होते मी विचार बदलला असेल, आणि डेडलाइनला तीन दिवस राहिले तेव्हा मी घाबरत घाबरत फोन केला. सर बिचारे त्याच रात्री बसले लिहायला. म्हणून लिंक पाठवली की लगेच फोन करा, "सर, मेल आलाय का, स्पॅम पण बघाल का प्लीज" एवढं विचारायला लाजू नका. आणि सोबत तुमच्या प्रोजेक्टबद्दल चार ओळी पाठवा, म्हणजे पत्रात नुसतं मेहनती, प्रामाणिक असं न येता तुम्ही काय केलंत ते येईल.

आता एसओपी, म्हणजे तुमचा निबंध. माझं पहिलं वाक्य होतं की मला लहानपणापासून आकड्यांची आवड आहे. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, हे कुणीही लिहील गं, तू ऑफिसात ती तारखांची फाइल घेऊन दोन आठवडे बसली होतीस ते लिही ना! खरं होतं तिचं. त्या फाइलमध्ये अर्ध्या लोकांनी आधी दिवस लिहिला होता, अर्ध्यांनी आधी महिना, त्यामुळे ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च ते कळायचं नाही. एक आकडा १२ च्या वर असेल तिथे उलगडायचं, बाकी ठिकाणी नाही, मग मी एंट्री कुणी केली त्या नावावरून त्या माणसाची सवय शोधत गेले आणि बरीचशी फाइल सुटली, काही ओळी मात्र शेवटपर्यंत सुटल्या नाहीत, त्या मी वेगळ्या काढून तसं लिहून ठेवलं. निबंधात मी हेच सगळं लिहिलं, न सुटलेल्या ओळींसकट, आणि अशा वेळी अंदाज किती भरवशाचा ते मोजायला मला शिकायचंय असं लिहिलं.

तुमच्याकडेही असं काहीतरी असेलच, आठवून बघा. नर्स असाल, शिक्षक असाल, हिशोब बघत असाल, कुठेतरी आकडे जुळले नाहीत म्हणून तुम्ही अस्वस्थ झाला असाल. तिथून लिहायला घ्या.

सबमिट करायच्या आधी सगळ्याची पीडीएफ काढून ठेवा. डेडलाइन कुठल्या घड्याळाप्रमाणे आहे ते वाचा आणि दोन दिवस आधीच पाठवून मोकळे व्हा. नंतर आठवड्यातून एकदा पोर्टल उघडून प्रत्येक कागद पोचल्याची खूण आलीय का ते बघा. आणि निकालाची वाट बघताना मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार हाताने करत रहा, वर्ग सुरू झाले की तो लगेच लागणार आहे. नमस्कार.