आत्याच्या पातेल्यातला ग्रीन टी

श्रोतेहो, नमस्कार. चहा झाला? नसेल तर आधण ठेवा आणि ऐका. ग्रीन टी आणि टपरीवरचं कडक कटिंग ही दोन वेगळी झाडं नव्हेत. पान एकच. खुडल्यावर त्याचं काय केलं जातं, सगळा फरक तिथे.

आमची आत्या गिरगावात राहते, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या सुनेनं वजन उतरवायला ग्रीन टीचा डबा आणला. सून ऑफिसला गेली आणि दुपारी भिशीच्या बायका आल्या. घरातली पावडर नेमकी संपलेली. आत्यानं तो डबाच उघडला. आलं ठेचलं, साखर घातली, दहा मिनिटं खळखळा उकळलं, वर म्हशीचं दूध. रंग आला शेवाळाचा. एकीनं घोट घेतला आणि हळूच विचारलं, "काढा आहे का गं? कोण आजारी आहे?"

आत्या डबा घेऊन तडक खाली चहाच्या दुकानात. "शेठ, भेसळ आहे यात. रंगच सोडत नाही!"

शेठनी कागदावर दोन चिमटी ठेवल्या. एक त्या डब्यातली, चपटी हिरवट पानं. दुसरी रोजची ममरी, काळी गोळी गोळी. म्हणाले, "मावशी, हे पान खुडल्यावर लगेच वाफेवर नाहीतर तापल्या कढईत धरतात. काळं पडायचं तिथेच थांबतं. ही ममरी मात्र आधी सुकवली, मग दातेरी रोलरात चिरडली, फाडली, वळली. मग हवा लागू दिली. म्हणून लाल उतरते."

"मग दूध कशात घालू?"

"जिला हवा लागली तिच्यात!"

शेठ म्हणाले ते शंभर टक्के खरं. हिरव्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं बरीचशी तशीच राहतात. हवा लागली की त्यांचीच थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनतात. रंग आणि कडकपणा बराचसा त्यांचा. कॅटेचिनसारखी तीही अँटिऑक्सिडंटच (पेशींची झीज रोखणारी मानली जाणारी द्रव्यं), म्हणजे आपली काळी ममरी अगदीच टाकाऊ नाही. चिरडण्या-फाडण्या-वळण्याचं ते सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र आसामात १९३० च्या सुमारास आलं. मुंबईचं कटिंग त्याच्याच जिवावर.

आता करायचं कसं ते सांगते. ग्रीन टी उकळायचा नाही. पाणी ८० अंशांच्या आसपास, दोन-तीन मिनिटं, दूध नाही. ममरी खुशाल उकळा. कॅफीन दोन्हींत आहे, तेव्हा 'ग्रीन' म्हणून रात्री अकराला पिऊ नका. आणि वजन एकट्या ग्रीन टीनं उतरत नाही, सोबतची खारी सोडावी लागते.

जेवताना मात्र कुठलाच चहा नको. डाळ-पालेभाजीतलं लोह त्यानं नीट अंगी लागत नाही. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. नमस्कार.